दुखण्याचा चेहरा

"अंगठा मुठीत घ्या," डॉक्टर म्हणाले, "आणि आता मूठ करंगळीच्या बाजूला वाकवा. सावकाश." तिने सावकाशच वाकवली. तरी मनगटाच्या कडेपासून कोपरापर्यंत अशी कळ गेली की ती खुर्चीतून अर्धी उठली. तोंडातून आवाज मात्र आला नाही. दुखलं-खुपलं तर ओरडायची सवय तिला लहानपणी लागलीच नव्हती. आईबाप दोघंही ठार बहिरे, ओरडून ऐकणार कोण होतं? डॉक्टरांनी मूठ सोडवली आणि म्हणाले, "बास. काही सांगू नका, चेहऱ्यानं सांगितलं." हात धुवायच्या बेसिनवर एक आरसा टांगलेला होता आणि ती अर्धवट उठली होती ती नेमकी त्याच्यासमोर. भुवया खाली ओढलेल्या, वरचा ओठ एका बाजूने उचललेला, नजर कुठेतरी तिसरीकडे. दुसऱ्या कुणाला तो नुसता कळवळलेला चेहरा वाटला असता. तिला तो वाचता येत होता. तो तिच्या रोजच्या वापरातला होता. खुणांच्या भाषेत हात शब्द बोलतात आणि ते शब्द कसे घ्यायचे ते चेहरा सांगतो, आणि हाताने 'ये' म्हणताना चेहरा असा असेल तर त्याचा अर्थ होतो, येतेस तर ये बाई, आता काय करणार. ती खाली बसली. गेल्या महिन्यात भावाच्या स्वयंपाकघरात आईने तिला एक प्रश्न विचारला होता आणि तिने 'ये' म्हटलं होतं.

डॉक्टर बोलत होते. माणूस तरुण होता, बोलका होता, आणि समजावून सांगायची त्याला हौस होती. अंगठ्याला ओढणाऱ्या दोऱ्या मनगटापाशी एका नळीतून जातात, त्या नळीला आतून सूज आली आहे, दोरी सरकायला जागाच उरलेली नाही. "पायजम्याची नाडी नेफ्यात अडकते ना, तसं. नाडी चांगली आहे तुमची, नेफा सुजलाय." मग काम काय करता, शिवण का, घरात कडेवरचं मूल आहे का, असं त्यांनी विचारलं. मूल नाही, ती म्हणाली, मी बहिऱ्यांसाठी दुभाष्याचं काम करते, संध्याकाळच्या बातम्यांना खाली कोपऱ्यात चौकट असते, तिच्यात हातवारे करणारी बाई असते, ती मी. हातवारे हा शब्द तिला अजिबात आवडत नसे, पण तो वापरला की पुढची दहा वाक्यं सांगायची वाचत. "अरे, त्या तुम्ही होय," डॉक्टर म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मग आता काही आठवडे हातानं मौन. पट्टा देतो, तो अंघोळीपुरताच काढायचा. ऐकलं नाही तर सुई, आणि सुईनंही नाही भागलं तर नळी कापून मोकळी करावी लागेल." त्यांनी एक कडक पट्टा तिच्या हातावर चढवला, अंगठा थेट वरच्या पेरापर्यंत आत गेला, आणि तिन्ही बंद करकचून आवळले. हात एकदम दुसऱ्या कुणाचा झाला. आणि दुखायचं थांबलं.

खरं सांगायचं तर दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती खूश होती. लोकांना आजाराचं नाव कळलं की धस्स होतं, हिला हायसं वाटलं. म्हणजे तो अंगठा होता. आईने पाहिला तो चेहरा अंगठ्याचा होता, माझा नव्हता. घरी जायचं सोडून ती उलट्या दिशेच्या बसमध्ये बसली, भावाच्या घराकडे. दुपारची वेळ, बस रिकामी, खिडकीच्या काचेवर कुणीतरी बोटाने काढलेलं एक तोंड. हातावरच्या पट्ट्याकडे ती सारखी बघत होती. पुरावा होता तो. आईला दाखवायचा, हे बघ, म्हणून तसं झालं, आता आवर तुझं सामान. तिने वाक्यं जुळवायला घेतली तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती उजव्या हाताने जुळवते आहे आणि पट्ट्याच्या आत अंगठा उठायला धडपडतो आहे. मग ती डाव्या हातावर गेली. डावा हात शाळेत न गेलेल्या भावंडासारखा होता, सगळं समजायचं त्याला, पण बोलायला गेला की अडखळायचा. समोरच्या बाकावरची बाई तिच्याकडे टक लावून बघायला लागली तशी तिने दोन्ही हात पिशवीखाली घातले.

भावाच्या घरचा तो दिवस तिने इतक्यांदा आठवला होता की आता त्यातलं खरं किती आणि आपण घातलेलं किती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. जेवणं झाली होती. ती भांडी घासत होती आणि आई मागे येऊन उभी राहिली होती. आईने खांद्याला हात लावला नाही, नुसती उभी राहिली, म्हणजे काहीतरी महत्त्वाचं. त्यांच्या घरात हात ओले किंवा गुंतलेले असले की बोलणं थांबायचं. लहानपणी तिला वाटे सगळ्याच घरांत असंच असतं, कुकर उतरवेपर्यंत भांडण थांबवून ठेवतात, आणि तोवर निम्मा राग विरून जातो. ती हात पुसायला लागली. आईने भुवया वर केल्या आणि विचारलं, मी तुझ्याकडे येऊन राहू? इतकंच. ती म्हणाली, ये की, कधीही ये. आईने तिच्या हातांकडे पाहिलं नव्हतं, आई कुणाच्याच हातांकडे पाहत नसे, ती चेहऱ्याकडे बघायची आणि हात तिला डोळ्यांच्या कोपऱ्यातून आपोआप कळायचे. मग आई म्हणाली, नको, सहज विचारलं, इथे मला ऊन मिळतं. आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला निघून गेली. तिने तेव्हा मनगट चोळलं होतं. चोळलं होतं का? चोळलंच असणार, दुखणं तेव्हा सुरू झालेलं होतंच.

वडील होते तोवर हा प्रश्नच आला नव्हता. दोन खोल्यांत ती दोघं दिवसभर बोलायची, आणि काय बोलायची म्हणून विचारावं. समोरच्या गॅलरीतल्या बाईच्या नव्या पडद्यांवर त्यांच्या गप्पा तासभर चालत. भांडायचीही कडाडून. वडील हरायला लागले की डोळे मिटून घेत, डोळे मिटले की संपलं, समोरच्याने काय वाट्टेल ते बोलावं. आई मग दोन बोटांनी त्यांची पापणी उघडून धरायची आणि उरलेलं वाक्य दुसऱ्या हाताने पुरं करायची. वडील गेले त्यानंतर ती जागा सोडली आणि आई भावाकडे गेली. भावाचं घर मोठं होतं, उजेडाचं होतं, त्याची बायको मनाने चांगली होती; सासूला वेळेवर औषध, वेळेवर चहा, पाय चेपायलाही मागेपुढे न बघणारी. फक्त त्या घरात आईशी बोलता कुणालाच येत नव्हतं. भावाला खुणा येत होत्या त्या मोजक्या. जेव, झोप, डॉक्टर, उद्या, पैसे, रागावू नको. जन्मदात्या आईशी तो हॉटेलातल्या पाहुण्यासारखा बोलायचा. त्याला तरी काय दोष द्यायचा? तो जन्मला तेव्हा ताई होती. त्याला काही हवं असलं तर तो ताईला सांगे, ताई आईला सांगे. आई काहीतरी बोलली की तो विचारायचा, "ताई, काय म्हणतेय गं?" अजूनही तेच विचारायचा. ताई असताना शिकायची त्याला गरजच पडली नाही, आणि ताईला तर कुणी विचारलंच नव्हतं.

पाच वर्षांची होती तेव्हापासून ती आईवडिलांचं तोंड आणि कान होती. घरमालक वडिलांना काय वाट्टेल ते बोलायचा आणि ते तिला हातांनी वडिलांना सांगावं लागे; ती निम्मं गाळायची, आणि वडील तिच्या चेहऱ्यावरून उरलेलं वाचायचे. शाळेत स्वतःबद्दलच्याच तक्रारी तिने स्वतःच आईला सांगितल्या होत्या, बाई म्हणतात मी वर्गात हात फार हलवते. एकदा दवाखान्यात एका मोठ्या डॉक्टरांनी तिला म्हटलं होतं, बाळ, आईला सांग की पिशवी काढून टाकावी लागेल. पिशवी कसली हे तिला कळलं नव्हतं. ती आईला म्हणाली, पिशवी टाकून द्यायची आहे. आईने हातातल्या भाजीच्या पिशवीकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पोरीच्या आधी आईलाच सगळं समजलं. घरी जाताना रस्ताभर आईने तिचे दोन्ही हात आपल्या हातात घट्ट धरून ठेवले होते. त्यामुळे दोघींनाही काही बोलता आलं नाही, आणि तेच तिला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

मोठी झाल्यावर तिने हेच काम धंदा म्हणून घेतलं. येतं ते करावं माणसाने. कोर्टात, दवाखान्यांत, लग्नं मोडणाऱ्यांच्या मध्ये उभं राहून ती दिवसभर परक्यांचं बोलणं आपल्या अंगातून जाऊ देत असे आणि संध्याकाळी त्या चौकटीत उभी राहून पूर, अपघात आणि भाववाढ सांगत असे. मग स्वतःच्या घरी यायची. तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. दार लावून घ्यायची आणि दिवा न लावता बसायची. अंधारात कुणी तुमच्याशी बोलू शकत नाही, हे ज्या घरात ती वाढली त्या घरातलंच ज्ञान. दोन्ही हात उशीखाली घालून ती पडून राही आणि हातांना काहीही म्हणायचं नसे. हे सुख तिने कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवण्यासारखं होतंच काय त्यात? आई आली की दिवा लावावा लागेल, एवढंच. आई आली की ती दारातच उभी असेल, दिवसभराचं साठवलेलं घेऊन, भुवया वर करून. बस वळली तशी ती खिडकीवर आदळली आणि पट्ट्यातला हात तिने छातीशी धरला. अंगठाच होता तो, तिने स्वतःला सांगितलं. डॉक्टरनेच सांगितलंय. सुजलेला आहे तो.

दार भावाच्या बायकोने उघडलं. "अगं बाई, ताई, हाताला काय केलंत हे?" तिने सांगितलं. "तरीच म्हटलं, हल्ली आई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसतात. तुमचा हात बघत असणार. बसा, चहा टाकते. तुम्ही आलात ते बरं झालं, आज सकाळपासून काहीतरी सांगतायत, मला मेलीला काही कळेल तर शपथ. मी आपली हो हो म्हणतेय." तिच्या आवाजात कंटाळा नव्हता, लाज होती, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं. आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. पाठीवर ऊन होतं. मांडीवर ठेवलेली तिची बोटं हलत होती, अगदी बारीक, पुटपुटल्यासारखी. वडील असताना आई कधी अशी स्वतःशी बोलत नसे. ती उजेडाच्या बाजूने समोर गेली, आईला दचकवू नये म्हणून नेहमी जात असे तशी, आणि आईचा चेहरा असा उजळला की ती क्षणभर सगळं जुळवलेलं विसरून गेली.

आईने आधी पट्टा पाहिला. बंद ओढून पाहिले, आत बोट घालून पाहिलं, कोपर दाबलं. दुखतं? आता नाही, ती डाव्या हाताने म्हणाली. आईला हसू आलं. बोबडं बोलतेस, आई म्हणाली, लहान होतीस तेव्हा असं बोलायचीस. मग ती आईसमोर खाली बसली आणि डाव्या हाताने, अडखळत, मध्येच पट्ट्यातल्या उजव्या हाताचा ठोकळ्यासारखा आधार घेत तिने सगळं सांगितलं. की तू त्या दिवशी विचारलंस ना, तेव्हा मला कळ आली. अंगठ्याची. म्हणून तोंड तसं झालं. ते तुझ्यामुळे नव्हतं. आज डॉक्टरकडे मी आरशात पाहिलं आणि मला समजलं तुला काय वाटलं असेल ते. तुझा गैरसमज झाला, आई. आईने मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपलं तरी आई तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, अजून काही यायचं आहे का म्हणून.

मग आई म्हणाली, "अंगठा दुखतो ते मला माहीत आहे. बातम्यांत दिसतं. तू 'उद्या' म्हणालीस की डावा डोळा बारीक होतो. मी इकडे रोज म्हणते, अगं तेल लाव." आईचे हात संथ होते, सुटे होते, म्हातारपणाने त्यांच्यात थोडा कंप आला होता पण शब्द अजून स्वच्छ होते. "तो दुखण्याचा चेहरा. तो त्या दिवशीपण आला, तू 'ये' म्हणालीस तेव्हा. पण त्याच्या आधी दुसरा येऊन गेला होता. तू हात पुसत होतीस तेव्हाच. हात बोलायच्या आधी."

हात पुसत होतीस तेव्हाच. म्हणजे फडक्यात गुंडाळलेले दोन्ही हात, न दुखणारे. तिला ते फडकं आठवलं, निळ्या कडेचं, ओलं झालेलं, आणि ती ते गरजेपेक्षा जास्त वेळ हातात फिरवत होती हेही आठवलं. आईच्या भुवया वर होत्या आणि तिच्या डोळ्यांपुढे आपला जिना, अंधार, उशी, सगळं एकदम येऊन गेलं होतं. अंगठ्याची कळ मग आली होती, आणि ती आली तेव्हा किती बरं वाटलं होतं. तिला रडू यायला लागलं. रडताना खुणा नीट दिसत नाहीत म्हणून आईने पदराने तिचे डोळे पुसले, आपलं पुढचं वाक्य तिला दिसावं म्हणून. "राग आला होता मला," आई म्हणाली. "टीव्हीकडे पाठ करून बसले. एक दिवस बसले, दुसऱ्या दिवशी बसले. मग वळले. न बघून जाऊ कुठे? दुसरं कोण बोलतं माझ्याशी?"

स्वयंपाकघरात कपबशा वाजल्या. पट्टा बांधला होता तेव्हा डॉक्टर काही आठवडे म्हणाले होते. म्हणजे आज संध्याकाळी त्या चौकटीत दुसरं कुणीतरी असेल, एखादी नवी मुलगी, भरभर आणि कोरडं बोलणारी, आणि आई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसेल. हा विचार तिला इथे येईपर्यंत शिवलाही नव्हता. ती पुढे सरकली. "माझ्याकडे चल," ती डाव्या हाताने म्हणाली. "आजच चल. खरंच म्हणतेय." आणि ते म्हणताना तिने भुवया वर ठेवल्या, ओठ सरळ ठेवले, नजर आईच्या नजरेत ठेवली. काहीही दुखत नव्हतं. पट्ट्याने आपलं काम चोख केलं होतं, मनगटात साधी ठणकसुद्धा नव्हती, आणि तिला प्रथमच भीती वाटली की आता चेहऱ्यावर जे येईल ते फक्त आपलं असेल. काय येतंय तिला कळत नव्हतं. स्वतःचा चेहरा माणसाला आतून दिसत नाही. तो आईला दिसत होता.

आईने बघितलं. घाई केली नाही. मग तिने दोन्ही हात उचलले, आणि लेकीला वाटलं आता आई बोलणार, पण आईने ते तिच्या गालांवर ठेवले. तिचा चेहरा दोन्ही तळव्यांत घट्ट धरला आणि अंगठ्यांनी तिच्या भुवया बाहेरच्या बाजूला सपाट केल्या, एकदा, पुन्हा एकदा, चादरीची सुरकुती काढावी तशा. आईचे हात तिच्या चेहऱ्यावर होते तोवर आई काही म्हणू शकत नव्हती. होही नाही, नाहीही नाही. आईने हात काढूच नयेत असं तिला वाटत होतं.

भावाची बायको चहाचा ट्रे घेऊन दारात आली आणि दोघींना तसं पाहून तिथेच थबकली. तिचेही डोळे भरून आले. "काय म्हणतायत आई?" तिने हळूच विचारलं.

"मी म्हणते माझ्याकडे चल," ती म्हणाली, "तर नको म्हणतेय."

"बघा ना, लळा लागलाय इथला," भावाची बायको म्हणाली आणि आनंदाने आत येऊन तिने ट्रे खाली ठेवला.

आई काहीच म्हणाली नव्हती. तिच्या तळव्यांखाली लेकीचा जबडा हलला होता, शब्द गालातून गेले होते, तेवढे तिला नक्की कळले असणार. तिने हात काढले नाहीत. ती लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.